बायनाबाईचं चव रजिस्टर

खडकडोह गावाला निरोप द्यायची भारी हौस. शाळेतला एखादा मास्तर बदलून निघाला की वर्गणी जमते, शाल येते, नारळ येतो, मारुतीच्या पारावर भाषणं होतात, दोघं-चौघं डोळे पुसतात आणि अर्धं गाव त्याला फाट्यापर्यंत पोचवायला जातं. मास्तर का चालला, त्याला ठेवून घेता आलं असतं का, हे विचारायचं मात्र कुणाला सुचत नाही.

बायनाबाईनं असे पाच निरोप पाहिले. अठरा वर्षं ती इथल्या जिल्हा परिषद शाळेत पोरांची खिचडी शिजवते. दोन एकर कोरडवाहू, एक म्हैस, बन्सीधर नावाचा घाबरट मुलगा आणि शाळेची चूल, एवढा तिचा पसारा. पाचातल्या चार मास्तरांचं जाणं तिला काडीचं लागलं नाही. ते येत होते कधी, म्हणून गेल्याचं कळावं? पण धम्मानंद सर गेले ते तिला अजून खुपतं. पोरांना ओढ्यावर नेऊन पाणी किती वेगानं वाहतं ते मोजायला शिकवणारा माणूस. त्यांना गावातच राहायचं होतं. दोन वर्षं खोली शोधली, कुणी दिली नाही. का दिली नाही हे कुणी बोललं नाही, आणि ठाऊक सगळ्यांना होतं. बायनाबाईच्या घराची पुढची खोली तेव्हा रिकामी होती, तिच्यात कापसाची बोचकी पडून होती. ती गप्प बसली. रोज परभणीहून येऊन-जाऊन सर थकले आणि त्यांनी बदली मागून घेतली. निरोपाच्या दिवशी खांद्यावरची शाल सावरत ते तिला म्हणाले की बाई, तुमच्या हातच्या खिचडीची आठवण येईल. कुणी शिवी दिली असती तरी तिला एवढं शरमिंदं वाटलं नसतं.

म्हणून तीन वर्षांपूर्वी ईश्वरी मॅडम पाठीवर सॅक आणि हातात नेमणुकीचा हुकूम घेऊन शाळेच्या दारात उभी राहिली, तेव्हा बायनाबाईनं कुणाला विचारलं नाही. त्याच दिवशी बोचकी बाहेर काढून खोली सारवली. ईश्वरी गंगाखेडची, बाप साखर कारखान्यात कारकून. राज्याच्या परीक्षेत वरचा नंबर काढून ती शिक्षण सेवक झाली होती. म्हणजे तीन वर्षं उमेदवारी, शेवटी काम चांगलं असल्याचा मुख्याध्यापकाचा अहवाल, आणि मग कायम नोकरी. अहवाल वाईट गेला तर सॅक उचलून परत घरी. सरकारनं निवडून दिली, आता टिकवायचं काम आपलं, असं म्हणून बायनाबाईनं बन्सीधरला बाजेसकट ओसरीत हलवलं.

ईश्वरीचं शिकवणं बायनाबाईला चुलीपाशी बसून कळायचं. अर्पिता नावाची एक पोर होती. आईबाप ऊसतोडीला गेलेले, पोर आजीजवळ. दुसरी संपली तरी तोंड उघडायची नाही. ईश्वरीनं तिच्यामागं वाच वाच म्हणून धोशा लावला नाही. रोज तिला एकटीला किचनमध्ये पाठवायची. काम एकच, तांदळाच्या पोत्यावर, तेलाच्या डब्यावर काय लिहिलंय ते बघायचं आणि वर्गात येऊन सांगायचं. दोन महिने पोर नुसती अक्षरांवरून बोट फिरवून जायची. दिवाळीनंतर एक दिवस तिनं पोत्यावर बोट ठेवलं आणि "निव्वळ वजन पन्नास किलो" असं ठणकावून वाचलं. वर बायनाबाईलाच विचारलं की निव्वळ म्हणजे काय. बायनाबाईला सांगता आलं नाही, पण ही मास्तरीण हातची जाऊ द्यायची नाही, हे तिनं तिथंच पळी हातात धरून ठरवलं.

आता मुख्याध्यापक माणिकराव. परभणीत दोन मजली घर, आणि आठवड्यातून एक सोमवार शाळा. बोलणं असं गोड की माणसाला आपलीच चूक वाटावी. सोमवारी आले की पहिल्यांदा चव रजिस्टर मागवायचे. नियम सरकारचाच आहे. पोरांना वाढण्याआधी मास्तरांनी घासभर खाऊन बघायचं आणि त्या तारखेपुढं लिहायचं, चव कशी लागली. खाली सही. माणिकराव सोमवारीच शनिवारपर्यंतच्या सहा ओळी उरकून टाकायचे. रुचकर, रुचकर, रुचकर. जी डाळ अजून डब्यातून बाहेर निघाली नाही, तीही रुचकर. ते या शाळेत आले त्या पहिल्या वर्षी बायनाबाईनं एकदा विचारून पाहिलं, तर ते हसून म्हणाले, बाई, तुमचं काम पळीचं, पेनाचं आमच्याकडं ऱ्हाऊ द्या. त्यानंतर आठ वर्षं ती मुकाट रजिस्टर पुढं करत आली.

ईश्वरीची तऱ्हा उलटी. घास खाल्ल्याशिवाय पेनाचं टोपण काढायची नाही, आणि लिहायची ते सरळ तोंडावर. हळद जास्त. वाटाणे कच्चे. आजची मटकी उत्तम, मुलांनी दोनदा घेतली. पहिल्या महिन्यात बायनाबाईला फार राग आला. माझ्या घरात राहते, माझ्या हातचं खाते आणि माझ्याच नावानं लिहून ठेवते. चार दिवस ती धड बोलली नाही. मग हळद बेतानं पडायला लागली, वाटाणे आदल्या दिवशीच भिजायला लागले, आणि शाळेत ताटं पुसून खाल्ली जायला लागली.

यंदा नोव्हेंबरात माणिकरावांनी ईश्वरीला सुचवलं की मी नसतो त्या दिवशी हजेरीच्या मस्टरवर माझीही सही तुम्हीच ओढत जा. ती नाही म्हणाली. माणिकराव रागावले नाहीत. तुमची तीन वर्षं पुरी व्हायचीत ना अजून, एवढंच म्हणाले. डिसेंबरात त्यांनी दोन आठवडे मस्टर आपल्या कपाटात कुलपात ठेवलं. ईश्वरी रोज शाळेत, सही करायला कागदच नाही. जानेवारीत अहवाल गेला. शिक्षण सेवक डिसेंबरातले बारा दिवस विनापरवानगी गैरहजर, सेवा असमाधानकारक. मस्टरवर बारा चौकोन लाल शाईनं भरलेले. तालुक्याच्या शिक्षणाधिकारी साहेबांपुढं सुनावणी लागली.

गावानं काय केलं? वर्गणी काढली. बन्सीधर शाल बघूनही आला, मरून रंगाची, काठाची. आईनं कपाळाला हात लावला. तो चाचरत म्हणाला, "आई, तू मधी पडू नको. माणिकराव शाळेच्या समितीला सांगून तुझी चूल बंद करतील."

"करू दे. चूल माझ्या घरी बी हाय. एकदा गप बसून बघितलं म्या, आता न्हाई बसायची. ती शाल दुकानातच ऱ्हाऊ दे."

ईश्वरी स्वतः खचली होती. ती सॅक भरायला लागली होती. बायनाबाईनं सॅक उचलून ज्वारीच्या कणगीवर ठेवली, हात पोचणार नाही अशी, आणि रजिस्टर पिशवीत घालून सकाळच्या एसटीनं तिला तालुक्याला नेलं. त्या दिवसापुरती चूल तिनं धाकट्या जावेच्या सुनेवर सोपवली.

साहेब तरुण होते, घाईत होते. ही बाई कोण, असं त्यांनी विचारताच माणिकराव पुढं सरसावले. ही स्वयंपाकीण, आणि मॅडम हिच्याच घरी राहतात, तेव्हा ती त्यांच्याच बाजूनं बोलणार, असं त्यांनी समजावून सांगितलं.

"व्हय, ऱ्हातात माझ्या घरी," बायनाबाई म्हणाली. "मास्तरनं गावात ऱ्हावं असं सरकारच म्हणतंय ना? मग ऱ्हायलं तर गुन्हा कसा काय?"

तिनं पिशवीतून रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. तेलाचे डाग, हळदीची बोटं, कोपरे दुमडलेले. त्या बाराही दिवसांपुढं ईश्वरीच्या ओळी होत्या, रोजची शाई वेगळी, रोजची चव वेगळी. माणिकराव म्हणाले की अशा ओळी मागाहून कुणीही लिहील, त्याला पुरावा म्हणत नाहीत, आणि त्या बाराही दिवशी मी स्वतः शाळेत हजर होतो, माझ्याही नोंदी तिथंच आहेत, बघा. साहेबांनी बघितलं. होत्या. बाराही रुचकर.

"सायेब, मला यांना एकच गोष्ट इचारू द्या," बायनाबाई म्हणाली. साहेबांनी मान हलवली. ती माणिकरावांकडं वळली. "सर, अकरा डिसेंबर. बुधवार व्हता. तुमी शाळेत व्हते. काय खाल्लं व्हतं तुमी त्या दिवशी?"

माणिकराव हसले. "खिचडीच की. बुधवारची खिचडीच असती."

"चांगली व्हती?"

"लिहिलंय की. रुचकर."

बायनाबाईनं रजिस्टर साहेबांकडं सरकवलं आणि त्या तारखेवर बोट ठेवलं. ईश्वरीची ओळ साहेबांनी आधी मनात वाचली, मग मोठ्यानं वाचली. आज चूल पेटली नाही. बायनाबाई वालूरला मयतीला. मुलांना गूळ-शेंगदाणे दिले, शेंगदाणे खवट नव्हते.

"माझी थोरली जाऊ वारली त्या दिवशी," बायनाबाई म्हणाली. "वालूरच्या ग्रामपंचायतीत नोंद हाय, इचारून घ्या. शाळेत धूर निघाला न्हाई आन् सरांनी रुचकर खिचडी खाल्ली. जी रोज येती ती गैरहजर, आन् जे सोमवारचे सोमवार येतात ते हजर."

साहेब पानं उलटत राहिले. प्रत्येक महिन्याच्या शेवटी तपासलं म्हणून ऑफिसचा गोल शिक्का होता. त्यावर बायनाबाईची नजर गेली, आणि तिला राहवलं नाही.

"रागावू नका सायेब, पण असल्या पानांवर तुमच्या हापिसानं बी आठ वर्सं शिक्के मारलेत. कुणी वाचलं असतं तर धम्मानंद सरांच्या येळंलाच कळलं असतं, कोण शिकवायलंय आन् कोण न्हाई. चांगला मास्तर आमाला परत परत मिळत न्हाई. तुमाला मिळत असंल तर सांगा."

साहेबांचं तोंड लाल झालं. हे रजिस्टर इथं जमा करून घ्या, असं त्यांनी कारकुनाला सांगितलं. बायनाबाईनं ते आधीच पिशवीत घातलं होतं. उद्या चव कशावर लिहायची, असं तिनं विचारलं. पाहिजे तर फोटो काढून घ्या, कागद शाळेतच राहील, असंही सुनावलं. साहेबांनी मग खरंच एकेका पानाचे फोटो काढले. लाल चौकोन रद्द झाले. ईश्वरीचा अहवाल साहेब स्वतः शाळेत येऊन लिहिणार असं ठरलं, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी तो लिहिला. ईश्वरी कायम झाली. माणिकरावांना नोटीस निघाली, पण खुर्ची त्यांचीच राहिली. असल्या माणसांची खुर्ची एका नोटिशीनं हलत नाही, हे बायनाबाईला ठाऊक होतं.

सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवार असून, माणिकराव सव्वादहाला शाळेत हजर. मधल्या सुट्टीआधी किचनच्या दारात आले आणि काही झालंच नाही अशा आवाजात रजिस्टर मागितलं. बायनाबाईनं मीठ घालायच्या आधीच वाटीभर खिचडी बाजूला काढून ठेवली होती. तीच पुढं केली. त्यांनी घास तोंडात टाकला आणि हात सवयीनं चालला. रुचकर.

बायनाबाईनं रजिस्टर परत घेतलं नाही. वाटीही परत घेतली नाही.

"सर, अजून एक घास खावा. आन् मग लिव्हा."

तेवढ्यात पोत्यावरचं वाचायला अर्पिता आली होती, ती तिथंच उभी राहिली. माणिकराव इकडंतिकडं बघत राहिले. बायनाबाई हलली नाही. शेवटी त्यांनी दुसरा घास खाल्ला, सावकाश चावला, लिहिलेला शब्द खोडला आणि त्याच्यापुढं बारीक अक्षरात काहीतरी लिहून रजिस्टर खाली ठेवलं.

अर्पितानं त्यावर बोट ठेवलं आणि पोतं वाचायची त्याच आवाजात वाचलं, "मीठ नाही."

"बराबर हाय," बायनाबाई म्हणाली. मग तिनं डब्यातलं मीठ मोजून पातेल्यात टाकलं, खालपासून ढवळलं आणि ईश्वरी मॅडमला चव बघायला हाक मारली.