'झालं' म्हणजे नक्की काय

मार्च संपायच्या आत ते प्रमाणपत्र हाती आलं नाही, तर मला पुण्याच्या ऑफिसात जाऊन बसावं लागणार होतं. ज्याच्याकडे प्रमाणपत्र त्याने घरून टीम सांभाळावी, बाकीच्यांनी ऑफिसात यावं, असा आमच्या कंपनीचा नवा नियम. वडील गेल्यापासून मी काशीदच्या अलीकडे आमच्या कोळीवाड्यात आईजवळ राहून काम करत होते. आईला पुण्याला नेणं शक्यच नव्हतं. मावशीकडे दोन दिवस राहिली तरी तिसऱ्या दिवशी पिशवी भरून दारात उभी राहणारी बाई ती. म्हणजे मी जायचं आणि तिने एकटीने राहायचं. हा विचार आला की मला खुर्चीत बसवत नसे.

परीक्षा 'अजाइल' पद्धतीच्या कामाची. मोठं काम एकदम अंगावर घ्यायचं नाही, दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडायचे. रोज सकाळी सगळ्यांनी काय झालं, काय अडलं ते सांगायचं. बारा वर्षं मी याच कामावर पोट भरते आहे, मग पुस्तक कशाला वाचायचं, असा माझा तोरा. नुसतं चाळलं, परीक्षेला बसले आणि नापास झाले.

त्या दिवशी दुपारी आई अलिबागच्या बाजारातून आली. सुक्या मासळीची टोपली उतरवता उतरवता तिने विचारलं, "झाली गो परीक्षा?"

"झाली," मी म्हणाले.

खोटं काय होतं त्यात? परीक्षा झाली होतीच. पण दुसऱ्या दिवशी आईने "पोरगी आता इथंच राहणार" म्हणत अख्ख्या आळीत पेढे वाटले आणि देवीची ओटी भरून आली. मी पेढ्याचा तुकडा तोंडात धरून उभी राहिले, तो काही केल्या गिळवेना.

चूक माझी आणि तीही माझ्याच धंद्यातली. माझ्या ऑफिसात 'झालं' म्हणजे झाल्यात जमा. "झालं मॅडम, फक्त टेस्टिंग राहिलंय," असं टीममधलं कुणी ना कुणी रोज म्हणतं आणि मी मान डोलावते. आईचं तसं नाही. बोंबील वरून कितीही कोरडा दिसू दे, ती मधोमध मोडून बघणार. जवळ्याची बारीक सुकट मुठीत घेऊन कानाशी हलवणार. तोवर कुणी विचारलंच तर "न्हाय अजून." एक ओला राहिला तर पोतं नासतं, हे तिला पक्कं ठाऊक. त्यामुळे तिच्या लेखी 'झाली' म्हणजे पास झाली, याला दुसरा अर्थच नव्हता. आणि गंमत बघा, पुस्तकात यावर अख्खं प्रकरण होतं. 'डेफिनिशन ऑफ डन', म्हणजे काम पुरं झालं असं कधी म्हणायचं, ते सगळ्यांनी आधीच ठरवून घ्यायचं. माझी सगळ्यात जास्त उत्तरं चुकली होती ती याच प्रकरणातली.

दुसऱ्यांदा बसायची संधी होती, तीन आठवड्यांनी. आईला कळायच्या आत पास व्हायचं आणि विषय मिटवायचा, असं मी ठरवलं. अभ्यास मात्र पालथ्या घड्यावर पाणी. दहा प्रश्न सोडवले की उठायचं, चहा ठेवायचा, तो उतू जाईपर्यंत अकरावा प्रश्न वाचायचा. किनाऱ्यावर जाऊन चकरा मारायच्या, तर तिथे पर्यटकांच्या गाड्यांचा गोंगाट. परत यायचं, पुस्तक उघडायचं, तेच पान. आळीतल्या बायका "काय गो, मोठी साहेबीण झालीस" म्हणायच्या, आणि मी हसून पाय उचलायचे. स्वतःचा इतका राग मला क्वचितच आला असेल.

परीक्षेला दोन दिवस राहिले असताना आई जेवताना म्हणाली, "बाजारातली जागा दिली मी."

मला कळेना. अलिबागच्या बाजारातली ती जागा, आधी आजी तिथे बसायची, मग आई.

"पलीकडच्या पाड्यात नवी सून आलीय, तिला दिली. तुझा इथंच राहायचा पक्का झाला, मग मी कशाला उन्हातान्हात जाऊ? गुडघं न्हाय ऐकत आता. तू हायस ना घरात."

घास माझ्या हातातच राहिला. मला रडू आलं, आणि रडताना जे बोलायचं ते फार वाईट तऱ्हेने बाहेर पडलं. "आये, परीक्षा झाली, पण मी पास न्हाय झाले. नापास झाले. परवा परत हाय. न्हाय झाले तर पुण्याला जायला लागेल."

आईने आपलं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "मग झाली कशाला बोललीस?"

"परीक्षा झाली, या अर्थी..."

"अर्थ नको सांगू." तिने ताट उचललं.

मी मागोमाग मोरीपर्यंत गेले. म्हटलं, त्या सुनेला सांगू, जागा परत घेऊ. आई म्हणाली, "शब्द दिलाय मी तिला," आणि भांडी घासायला बसली. दोन दिवस ती कामापुरतंच बोलली. मी वाचत होते की नुसती पानं उलटत होते, देव जाणे.

परीक्षा घरूनच, संगणकावर. समोरच्या कॅमेऱ्यातून कुणीतरी बघत असतं, खोलीत दुसरं माणूस आलेलं चालत नाही. हे मी आईला सांगितलं. तिने "बरा" म्हटलं आणि दाराबाहेर पायरीवर जाऊन बसली. मधे कुणी बाई हाक मारत आली, तिला आईने बाहेरच्या बाहेर वाटेला लावल्याचं मी ऐकलं. नेट एकदा अडकलं तेव्हा वाटलं, संपलं. पण आलं परत.

शेवटचं बटण दाबल्यावर पडद्यावर उत्तर आलं. पास. मी दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं, मोबाइलवर मेल आली तीही उघडली आणि बाहेर धावले.

"आये, पास झाले."

आई उठली. पदराला हात पुसले. "दाखव."

मी मोबाइल पुढे केला. तिला इंग्रजी वाचता येत नाही. तरी तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मग घट्ट मुठीत घेऊन पायरी उतरली. चार घरं सोडून निवृत्त मास्तर राहतात, त्यांना इंग्रजी येतं.

"अगो, मी सांगतेय ना," मी म्हणाले.

"तू सांगितलास, मी ऐकला," आई म्हणाली, आणि मास्तरांच्या घराकडे चालू लागली.