नलूआत्याच्या पाळणाघराचं कुलूप

नलूआत्याला भेटायचंय? सकाळी फणसवाडीत या, आमच्या महिला मंडळाच्या खोलीपाशी. पायरीवर बसलेली असेल, पाठीमागे कुलूप. रोज! बाबांची मोठी बहीण ती, लग्नबिग्न केलं नाही, वाडीतल्या नोकरीवाल्या बायांची पोरं या खोलीत वाढवली. मीपण त्यातलीच. पाळणाघर मंडळाचं, पण खरं तर तिचंच.

मग अध्यक्ष सुनंदाताईंच्या डोक्यात आलं, खोली कोचिंग क्लासला द्यायची. बायका जाम भडकल्या. आमच्याकडे अध्यक्ष ठरतो चैत्रातल्या हळदीकुंकवाला, आंब्याची डाळ खाताखाता. कोणीतरी म्हणतं, "आता तू हो गं," सगळ्या हात वर करतात, जुनी अध्यक्ष नवीची ओटी भरते. झालं इलेक्शन! या वेळी सगळ्यांनी आत्याचं नाव घेतलं. ओटी सुनंदाताईंनीच भरली, वर म्हणाल्या, "नले, सांभाळ गं आता." लेखी नोटीस वगैरे काही नाही. हळदीकुंकवाला कोण नोटीस काढतं यार?

आत्या चावी मागायला गेली तर ताई म्हणतात, "कसली निवडणूक? नोटीस दाखव. ओटी काय, मी सगळ्यांचीच भरते." आणि खोलीला कुलूप.

आत्या तडक कोर्टात. जज म्हणाले, मंडळ रजिस्टर्ड आहे, खरी कमिटी कुठली ते आधी धर्मादाय आयुक्तांकडे ठरू दे, तो मार्ग संपल्याशिवाय इथे येता येणार नाही.

बाहेर आल्यावर मी आमच्या वकिलांवर ओरडलेच. "अहो, पण पोरं आत्ता बाहेर पडलीयत ना!"

"कोर्टाचं बरोबर आहे बाळा. खालची पायरी आपण गाळली."

मग तिकडे अर्ज. तिकडे सुनंदाताईंचे वकील दर वेळी मुदत मागतात. आणि आम्ही कुठेच जाऊ शकत नाही, ना पुढे ना मागे.

एकदा भाजीवाल्याकडे आत्याला ताईच भेटल्या. "लिहून दे निवडणूक झाली नाही म्हणून. उद्या कुलूप उघडते."

"आणि परवा क्लासला द्याल."

"ते मंडळ ठरवेल."

"मंडळ म्हणजे कोण हो सुनंदाताई?"

"सध्या तरी मीच!" म्हणाल्या आणि कोथिंबीर फुकट मागायला लागल्या.

पोरं पायरीवर किती दिवस बसणार? एकेक आई दुसरीकडे गेली. शेवटचा राहिला अनिश. काल त्याची आई रुचाताई आली, आत्याच्या नजरेला नजर देईना. "माटुंग्याला घातलंय हो त्याला. फक्त त्याचं दुपटं द्या ना, त्याच्याशिवाय झोपतच नाही."

दुपटं आत! खिडकीतून दिसत होतं, खुंटीवर. मी झाडूची दांडी गजांतून आत घातली, टोक लागलंसुद्धा, आणि आत्याने माझं मनगट धरलं.

"नको. आतली वस्तू हलली तर म्हणतील आम्ही घुसलो. पुढच्या तारखेला तेच धरून बसतील."

"आत्या, दुपटं आहे गं ते!"

"ठाऊक आहे मला. मीच शिवलंय."

अनिश गज धरून आत हात घालत होता, "माझं, माझं" करत. रुचाताईने त्याला उचलून नेलं, कोपऱ्यापर्यंत त्याचा आवाज येत होता. आत्याने दांडी माझ्या हातातून काढून घेतली, भिंतीला टेकवली, आणि परत पायरीवर बसली.