मामा आल्याशिवाय

कचेरीसमोर दुकान असलं की माणूस आपोआप प्रतिष्ठित होतो. आंबेगाव तालुक्यातल्या एका बाजारपेठेत आमचं भांड्यांचं दुकान. आजोबा राजस्थानातून आले तेव्हा त्यांनी ही जागा गिऱ्हाइकासाठी धरली. मला ती सह्या करण्यासाठी उपयोगी पडली. कुणाची मोटारसायकल चोरीला गेली, कुणाचं बांधावरून डोकं फुटलं, की शिपाई रस्ता ओलांडून यायचा, "शेठ, जरा पंच म्हणून चला." आणि मी जायचो. मला आवडायचं ते, खोटं कशाला बोलू? जत्रेच्या नाटकात मी तीन वर्षं खलनायक होतो. सही करतानाही पेन असं उचलायचो, की समोरच्याला वाटावं, आता फाशीच.

त्यातल्या एका सहीचा राग मला अजून येतो. साहेबांचा येतो, त्यांच्या कागदाचा येतो, आणि त्या पेन उचलणाऱ्या नटाचा तर सगळ्यात जास्त.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. आहुप्याकडच्या एका वाडीतल्या दोन बहिणी, थोरली सात वर्षांची, धाकटी चार. बाप कामाला म्हणून गेला तो परतलाच नाही, आणि मग आई तापानं गेली. कुणीतरी वर कळवलं. जिल्ह्याहून एक साहेब जीप घेऊन आले. मुलींनी घरच्यांकडे राहायचं की पुण्याच्या बालगृहात, ते ठरवायचं होतं. ठरवण्याआधी घरच्यांना विचारायचं, असा नियम होता. नियम झकास. साहेबांनी तो पाळला. किती वेळ? चहा निवेपर्यंत.

मुलींना घेऊन वाडीवरून चौघं आली होती. आजोबा, चुलता, चुलती आणि आत्या. कचेरीच्या व्हरांड्यात ओळीनं खाली बसली. धाकटी चुलतीच्या पदराचं टोक चघळत होती.

"मुलींना कोण सांभाळणार?" साहेबांनी विचारलं.

कुणी बोलेना. आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी पुन्हा विचारतो."

चुलता फरशीकडे बघत राहिला.

"शेवटचं विचारतो."

अहो, बैलाच्या सौद्यातसुद्धा माणूस मध्ये तंबाखू मळतो! साहेबांनी लिहिलं, 'नातेवाईक मुलींना सांभाळण्यास इच्छुक नाहीत.' लिहिलेलं कुणाला वाचून दाखवलं नाही. चौघांचे अंगठे घेतले आणि म्हणाले, "मुलींना पुण्याला तपासणीला नेतो." मी झोकात सही ठोकली. वर मनात म्हटलं, काय दगडाची माणसं आहेत ही.

जीप गेली. अर्ध्या तासानं ती चुलती माझ्या दुकानात.

"शेठ, दोन ताटल्या द्या. ल्हान पोरींच्या हाताला पेलतील अशा. आन नावं घाला वर. न्हाईतर आमची कार्टी त्यांच्या ताटल्या पळवत्याल."

नाव घालायचं मशीन मी हातात घेतलं. पहिलं नाव झालं. दुसरं तिनं सांगितलं आणि माझा हात थांबला. ही तर मघाच्या मुलींची नावं.

"बाई, त्या पोरी तर तिकडेच राहणार आता."

"आसं कसं? तपासून आणत्याल की सोमवारी. सोमवारी मामा येनार हाय."

"मग मघाशी साहेब घसा फोडून विचारत होते, तेव्हा तोंडात काय गूळ धरला होता?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं आपण वेड्याकडे बघतो.

"अवो, मामा आल्याबिगर आमी कसं बोलनार? आय गेल्याली पोरगी. आयकडचा मानूस बसला न्हाई आन चुलत्यानं आदी तोंड उगाडलं, तर लोक म्हंत्याल, ह्यांनी पोरी बळकावल्या. आमच्यात न्हाई तसं करत."

म्हणजे ती माणसं गप्प बसली होती ती मान राखून! पोरी नकोत म्हणून नव्हे, तर आईच्या माणसाचा पहिला शब्द चोरायचा नाही म्हणून. आणि साहेबांनी त्या अदबीचं भाषांतर केलं, 'इच्छुक नाहीत.' खाली पंच कोण? अस्मादिक.

मी मशीन तसंच सोडून रस्त्यावर धावलो. जीप कधीच मंचरच्या पलीकडे गेली असणार. कचेरीत जाऊन फोन लावला. पलीकडून साहेब शांतपणे म्हणाले, "शेठ, कागद झाला आता."

कागद झाला! जणू भात झाला, आता जेवायला बसा.

मामा येडगावच्या धरणावर मासे धरायचा. सोमवारी आला, आणि माझ्याच दुकानात, पातेल्यांच्या चळतींमध्ये सगळी खाली बसली. मामा म्हणाला, "बोला आता." आणि जे दगड होते ना माझे, ते एकदम बोलायला लागले. चुलती म्हणाली, पोरी माझ्या चुलीवर. आत्या म्हणाली, भाताच्या आवणीच्या दिवसांत माझ्याकडं, म्हंजी हिला खाचरात उतरता येईल. मामा म्हणाला, शाळेची कापडं आन वह्या माझ्याकडं. आजोबांनी टोपी घातली. पाव तासही लागला नाही. एवढंच हवं होतं. चार दिवस थांबायला हवं होतं आणि 'अजून कुणी यायचंय का?' एवढं विचारायला हवं होतं.

तो पाव तास कागदावर चढवायला किती खेटे घातले, विचारू नका. मी लिहून दिलं, माझी सही चुकीच्या मजकुराखाली आहे.

"शेठ, तेव्हा तुम्ही शुद्धीवर होता ना?" साहेबांनी विचारलं.

"शुद्धीवर होतो. अक्कल दुकानात राहिली होती."

ते हसले नाहीत. मीही नाही.

जीप गेली तेव्हा वर वाडीवर उन्हाळ्यातले राब भाजायचे दिवस होते. मुली परत आल्या तेव्हा भात कापून झाला होता. नावं घातलेल्या ताटल्या तोवर माझ्या गल्ल्यामागे होत्या. चुलती न्यायला आली तेव्हा मी विचारलं, "कशा आहेत पोरी?"

"थोरली बरी हाय. धाकटी... जेवाय हाक मारली का भिताडापाशी जाऊन उबी ऱ्हाती. रांगेत."

"कुणाच्या रांगेत?"

"कुनाच्याच न्हाई. एकटीच."

मी ताटल्या कागदात गुंडाळत होतो. गुंडाळतच राहिलो.

"मंग काल आमी समदी तिच्या म्हागं उबी ऱ्हायलो. म्हातारा बी. तवा जेवली." ती हसली. "लई हसलो, शेठ."

मला हसू आलं नाही.

पुढच्याच आठवड्यात शिपाई आला. कुणाची तरी पाण्याची मोटर चोरीला गेली होती. "शेठ, जरा पंच म्हणून चला."

मी म्हटलं, "मामा आलाय का?"

"कोणाचा मामा? मोटरीचा?"

"कुणाचाही. आधी विचारून ये. मग मी येतो."