गवतकाकांचा एकजात डेक

साठ पत्त्यांतला एक काढून त्या जागी दुसरा घालायला गवतकाकांना एक आठवडा लागत असे. रविवारी डाव संपला की नेमका कुठला पत्ता कमी पडला हे ते ठरवत, सोमवार ते शनिवार त्यावर विचार करत आणि पुढच्या रविवारी बहुतेक वेळा तोच जुना पत्ता घेऊन परत येत. "काढला व्हता," म्हणत, "पन त्याच्या जागी त्याच्याएवढा गरीब कोन मिळंना."

कर्जतच्या बाजारपेठेत एका झेरॉक्सच्या दुकानावर लांबट खोली आहे. तिथे दर रविवारी सकाळी दहा वाजता हा खेळ सुरू होतो. पत्त्यांवर काल्पनिक प्राणी छापलेले असतात आणि प्रत्येक प्राण्याची एक जात असते: आग, पाणी, गवत, वीज, दगड. दोन खेळाडू आपापले साठ पत्ते घेऊन समोरासमोर बसतात आणि एकमेकांचे प्राणी पाडतात. साठ पत्त्यांच्या त्या गड्डीला सगळे डेक म्हणतात. कर्जतच्या खोलीचा नियम वेगळा होता. इथे एका डेकमध्ये एकाच जातीचे प्राणी चालत, आणि एकदा जात जाहीर केली की वर्षभर बदलता येत नसे. या प्रकाराला तिथे 'एकजात' म्हणतात. तालुक्याच्या बातम्या लिहिताना मी एकदा या खोलीवर चार ओळी लिहायला गेलो. तिथल्या सगळ्यांत न खेळणारा मी एकटा होतो, म्हणून मला पंच केले गेले. ते काम अजूनही सुटलेले नाही.

काकांचे खरे नाव नोंदवहीत होते, पण ते कोणी वापरत नसे. मोहोपाड्याच्या एका रसायन कारखान्यात ते टाक्यांच्या विभागात होते. कोणत्या टाकीतला द्रव कोणत्या नळाने कुठे सोडायचा, हे ते पाहायचे. राहायला तिथल्याच वसाहतीत, मूळ गाव पोशीर. रविवारची सुट्टी असली की चौक गावावरून मोटरसायकलने येत आणि सगळ्यांच्या आधी पोचून खुर्च्या मांडत. पहिल्या वर्षी त्यांनी जात जाहीर केली गवत, आणि पुढे प्रत्येक वर्षी तीच.

गवत ही सगळ्यांत दुबळी जात समजली जाते, कारण आगीचा मार तिला दुप्पट बसतो. नवे खेळाडू त्यांना हे समजावून सांगत. काका पूर्ण ऐकून घेत आणि म्हणत, "भात म्हंजे तरी काय रं? गवतच की. तुमी दोन येळा खाता." उत्तर खेळाशी संबंधित नव्हते, हे घरी जाताना लक्षात यायचे.

डेक बांधण्याची त्यांची पद्धत कारखान्यातली होती. कारखान्यात प्रत्येक महत्त्वाच्या पंपाशेजारी तसाच दुसरा बंद पंप असतो, पहिला थांबला तर चालू करण्यासाठी. काकांच्या डेकमध्ये तसेच होते. मारा करणारा एक प्राणी असेल, तर तो पडल्यावर कोण उभे राहील हे आधी ठरलेले असे, आणि तोही पडला तर कोण, हेही. त्यामुळे त्यांचा डेक सावकाश चाले. एकेक डाव तासभर चालायचा. बँकेत नोकरी करणारी वैदेही पाण्याची जात खेळत असे. ती समोर बसताना पाण्याची बाटली आणि चिवड्याची पुडी काढून ठेवायची. "काका, मुक्कामाची तयारी करून आलेय," असे म्हणायची. काका म्हणायचे, "घाई आसंल तर हरून जा गं, मी काय आडवतोय?"

आवडीवर त्यांचा विश्वास नव्हता. एकजात डेक बांधणारा माणूस आपल्या जातीच्या देखण्या पत्त्याच्या मोहात पडतो आणि तिथेच फसतो, असे ते सांगत. "आवडतो म्हनून ठेवायचा नाय, लागतो म्हनून ठेवायचा. आवडता भिताडाला लाव." त्यांच्या वसाहतीतल्या घरात भिंतीवर खरोखरच चार पत्ते चिकटवलेले होते. चारही चांगले होते.

त्यांची आणखी एक लकब होती. वस्तू सांगताना ते जागा सांगत. मांडणीवरचा डबा हवा असेल तर "खालच्या फळीवरचा, डावीकडनं तिसरा". नवी टोपी कुठली, तर "खुंटीवरची उजवी". सगळ्यांना ती कारखान्यातली शिस्त वाटे. सुहास म्हणायचा, "काका बायकोलासुद्धा आठव्या खणातली म्हणून हाक मारत असतील." सुहास त्यांच्याच कारखान्यात सुरक्षा विभागात, म्हणजे अपघात होऊ नयेत हे पाहणाऱ्या विभागात होता, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान, आणि खेळायचा आग.

पहिल्या सहा वर्षांत काका एकदाही वर्षअखेरच्या स्पर्धेत पहिले आले नव्हते. कुणी ना कुणी आगवाला वाटेत येई. ते हरत, हात मिळवत, पत्ते नीट जुळवत. पण सातव्या वर्षी त्यांनी डेकमध्ये असा काही बदल केला की समोरच्याची आग पेटायलाच उशीर होऊ लागला. स्पर्धेच्या दिवशी सकाळी त्यांनी दोन आगवाले हरवले. दुपारी अंतिम डाव सुहासशी होता. जेवणाच्या सुट्टीत ते जेवले नाहीत. हे त्यांना हवे होते, आणि हवे असल्याचे त्यांनी लपवलेही नाही. "एकदा तरी गवत जितू द्या रं," असे सुहासला म्हणाले. सुहास म्हणाला, "काका, जाळून राख करतो. मग खत म्हणून वापरा."

आता एक तांत्रिक गोष्ट सांगणे भाग आहे. पत्ते खराब होऊ नयेत म्हणून खेळाडू प्रत्येक पत्त्याला प्लास्टिकचे कव्हर घालतात. साठही कव्हरे एकसारखी असावी लागतात. त्यातली काही वेगळी असली तर पत्ता उलटा असतानाही तो कोणता ते कळते, आणि ती खुणेच्या पत्त्यांची लबाडी ठरते. काकांची कव्हरे हिरवी होती. सकाळच्या डावांत त्यातली काही फाटली. जेवणाच्या सुट्टीत ते खाली दुकानात गेले, नव्या कव्हरांचे पाकीट आणले, फाटलेली काढून नवी घातली आणि वेळेवर जागेवर येऊन बसले.

डाव सुरू झाला. सुहासने रिवाजाप्रमाणे काकांची गड्डी मधून कापली, पण पाहिली नाही. पाहण्याचे त्याला कारण नव्हते. तिसऱ्या फेरीत त्याच्या मागे उभी असलेली वैदेही म्हणाली, "काका, तुमच्या पत्त्यांच्या पाठी दोन रंगांच्या आहेत."

मी गड्डी पाहिली. बहुतेक कव्हरे हिरवी होती. मधूनमधून विटकरी होती.

काकांनी गड्डी हातात घेतली, पसरली, बराच वेळ पाहिली आणि विचारले, "कंच्या?"

खोलीत हशा पिकला. सुहास हसला नाही, पण म्हणाला, "काका, आता आम्ही सांगायचं होय?"

नियमाप्रमाणे मी विटकरी कव्हरांचे पत्ते बाजूला काढून सरळ केले. अकरा निघाले. ते अकराही डेकमधले सगळ्यांत जोराचे पत्ते होते, ज्यांच्यावर डाव उभा होता तेच. यानंतर शंकेला जागा उरली नाही. मी विचारले, काही म्हणायचे आहे का? काकांनी सुहासकडे पाहिले. त्याच्या शर्टावर सुरक्षा विभागाचे बोधचिन्ह होते. डावानंतर पाळी असल्यामुळे तो तसाच आला होता. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "नाय. नियम हाय तसं करा."

मी लिहिले: खुणेचे पत्ते, खेळाडू बाद, एक वर्ष मनाई. काकांनी सुहासशी हात मिळवला. नंतर साठही पत्ते जुळवले, खुर्ची आत सरकवली आणि गेले. जिन्यात कोणीतरी ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सात वर्षं असंच चाललं असणार."

पुढे सुमारे आठ महिन्यांनी नेरळला एका कामासाठी गेलो असताना कळले की काका नोकरी सोडून पोशीरला राहायला आले आहेत. तसाच गेलो. ते अंगणात एका पाटीत पावट्याच्या शेंगा निवडत होते. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटले नाही. चहा सांगितला आणि शेंगांची पाटी माझ्याकडे सरकवली. "बसल्याबसल्या निवडा. वाळल्याली बाजूला. मला हात लावून बघाया लागतं, तुमचं डोळ्यानं हुईल."

मग त्यांनी स्वतःहून सांगितले. त्यांना हिरवे आणि तांबडे वेगळे दिसत नाही. जन्मापासून. कारखान्यात भरती होताना डोळ्यांची तपासणी झाली होती. ठिपक्यांच्या चित्रांत लपलेले आकडे ओळखायचे होते. आधी आत जाऊन आलेल्या मित्राने त्यांना सगळे आकडे क्रमाने सांगितले आणि त्यांनी ते पाठ केले. नंतरच्या प्रत्येक तपासणीत चित्रे तीच असत, क्रमही तोच. टाक्यांच्या विभागात नळांना आणि झडपांच्या चाकांना रंग दिलेले असतात. काकांनी त्या सगळ्यांच्या जागा पाठ केल्या. सव्वीस वर्षे एकदाही चूक झाली नाही.

"एकजात म्हनूनच त्या खोलीत आलो," ते म्हणाले. "पाच जाती आस्त्या तर रंग कळत नाय म्हनून पत्त्यावरची खूण बघत बसाया लागलं आसतं. समदं एकच म्हनल्यावर बघायचं काय?"

अकरा पत्त्यांचे उत्तरही साधे होते. जे पत्ते डावात सर्वांत जास्त हाताळले जातात, त्यांचीच कव्हरे आधी फाटतात. जोराचे पत्ते म्हणजे जास्त हाताळलेले पत्ते. मी पंच म्हणून सात वर्षे त्या खोलीत फाटकी कव्हरे बदलताना पाहत होतो. हे मला सुचायला हवे होते.

त्या दिवशी का बोलला नाहीत, असे मी विचारले. काकांनी एक शेंग सोलली. "दोन कारनं. एक तर भ्यालो. खोटं कशाला बोलू? सुहास समोर. त्याला कळलं तर नोकरी जानार. पगार, कॉलनीतली खोली, समदं तिच्यावर. आनि दुसरं, तितं बोललो आस्तो तर हरल्याल्या मानसाची सबब झाली आसती."

"मग नोकरी कशी गेली?"

"मीच सांगितलं की. मंगळवारी. सुहासच्याच टेबलाजवळ जाऊन उबा ऱ्हायलो."

मी कारण विचारले.

"कवर घालताना मला एकदाबी वाटलं नाय की चुकतोय. वाटलं आसतं तर ठीक व्हतं, कुनाला तरी इचारलं आसतं. वाटलंच नाय. मंग सोमवारी पाळीला गेलो आनि झडपंच्या चाकाला हात घालवंना. सव्वीस वर्षं जागा धरून काम केलं. पन नवी झडप बसवली, जागा बदलली, आनि मला वाटलंच नाय तर? पत्ते चुकले तर मी बाद. तितं दुसरी मानसं हायत."

कारखान्याने त्यांना त्याच दिवशी टाक्यांवरून हलवले, काही महिने भांडारात बसवले, आणि मग त्यांनीच मुदतीआधी निवृत्ती मागितली. सुहासला हे सगळे त्या मंगळवारपासून माहीत होते. ती एका कामगाराची वैद्यकीय बाब होती, म्हणून त्याने खोलीत चकार शब्द काढला नाही. काकांना त्याचे कौतुक होते. "पोरगं पक्कं हाय. आसाच मानूस पायजे त्या खुर्चीवर." त्यांच्या नावाची बदनामी त्या मौनामुळेच टिकली होती, हे त्यांच्या हिशेबात धरलेले दिसले नाही.

मी निर्णय मागे घेतो म्हणालो. काकांनी मान हलवली. "कशाला? पत्ते खुनेचेच व्हते. तुमी लिवलं त्यात चूक काय? मी लबाड व्हतो का नव्हतो, त्ये नियमात बसत नाय." मग खोलीत खरे सांगू का, असे मी विचारले. "सांगा. आता काय, आता माजं काय अडतंय?"

परत आल्यावर पुढच्या रविवारी मी सांगितले. वैदेहीने हातातले पत्ते खाली ठेवले. मग म्हणाली, "ते खरंच विचारत होते, कुठल्या म्हणून. आणि आपण हसलो." सुहास खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. जिन्यात बोललेला कोण होता हे सगळ्यांना माहीत होते. तो म्हणाला, "असेल बुवा." मनाई संपल्यावर काकांना फोन केला, या म्हणून. "बगतो," म्हणाले. आले नाहीत. दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा भात झोडणी चालली होती. तिसऱ्यांदा केला नाही.

आता खोलीत बरीच नवी मुले येतात. काकांना पाहिलेले त्यांत कोणी नाही. पण लबाडीसाठी त्यांच्यात एक शब्दप्रयोग आहे, जुन्यांकडून आलेला. कोणी हातचलाखी केली की म्हणतात, "ए, गवत लावू नको." ऐकले की मी डाव थांबवतो आणि त्यांना सांगतो: मोहोपाडा, ठिपक्यांची चित्रे, फाटकी कव्हरे, मंगळवार. दर वेळी अगदी पहिल्यापासून सांगावे लागते. बातमीची दुरुस्ती बातमीपेक्षा नेहमीच लांब असते. मुले शहाणी आहेत, मध्ये बोलत नाहीत. संपले की एखादा विचारतो, "सर, मग आता डाव पुढे खेळायचा का?"