आजच्या चेहऱ्याचा रंग

लोकांच्या भिंती रंगवता रंगवता त्याचे केस पांढरे झाले. पण बायकोसाठी चेहऱ्याला लावायचे फाउंडेशन आणि लिपस्टिक घ्यायला तो दुकानाची पायरी प्रथमच चढत होता. कारणही तसेच होते. लांबलेल्या दुखण्यातून ती नुकती उठली होती. देवाने ती परत दिली होती. रंग तेवढा मागे ठेवून घेतला होता. आणि तिच्या ताईची जी लेक तिने अंगाखांद्यावर खेळवली, तिचे लग्न तोंडावर आले होते.

“असलं तोंड घेऊन मी येणार नाही,” ती म्हणाली होती. “लोक नवरीला सोडून मलाच बघतील. तुम्ही एकटे जाऊन या.”

एकटे! शेजारच्या गल्लीतही तिला सांगितल्याशिवाय न जाणाऱ्या त्या माणसाच्या काळजात हा शब्द रुतून बसला. म्हणून तर तो विक्रेत्या मुलीला ठासून सांगत होता, “वर्ण गव्हाळ, आत पिवळसर झाक. गुलाबीकडे झुकणारं नको, चेहरा राखेसारखा दिसतो. लिपस्टिक विटकरी दाखवा.”

घरी येऊन त्याने फाउंडेशनचे बोट तिच्या गालावर फिरवले आणि हात थबकला. गाल एकीकडे, मान दुसरीकडे! जणू कुणाचा तरी चेहरा उसना आणून बसवला होता.

तिने आरशात पाहिले. आता रडणार, असे त्याला वाटले, पण ती हसली.

“अहो, हा रंग कुणाचा आणलात?”

“तुझाच की!”

“माझा होता. जुन्या भिंतीवरचा डाग बुजवताना तुम्ही डब्यावरचा नंबर बघता, की भिंत बघता?”

उन्हाने उतरलेली भिंत तो जवळून निरखी आणि आज ती जशी आहे तसा रंग कालवी. जिच्यासोबत जन्म काढला, तिचा रंग मात्र त्याने आठवणीतून आणला होता! दुखण्यात त्याने तिचा ताप पाहिला, औषध पाहिले, श्वास पाहिला. चेहऱ्याकडे पाहण्याचे धैर्य झाले नव्हते. आज पाहिले. डोळे भरून पाहिले. हनुवटी निमुळती झाली होती, वर्ण फिकटला होता. पण कातडीखालची ती सोनसळी ऊब? ती देवाने हलवली नव्हती. ती जागच्या जागी होती.

दुसऱ्या दिवशी तो तिलाच दुकानात घेऊन गेला. दिव्याखाली नको म्हणत त्याने तिला दारातल्या उजेडात उभे केले आणि जबड्यावर वेगवेगळ्या छटांचे पट्टे ओढले.

त्याच्या नखांतला रंग पाहून विक्रेती मुलगी हसली. “काका, काकू आहेत त्या, भिंत नाही!”

“भिंत असती तर हात थरथरला नसता, बाळा.”

फिकट पिवळसर पट्टा कातडीत मिसळून दिसेनासा झाला. ओठांना गडद विटकरीऐवजी जर्दाळूच्या रंगाची हलकी लिपस्टिक लागली. ती आरशात बराच वेळ पाहत राहिली. मग आरसा त्याच्या हाती देत म्हणाली,

“ताईला फोन लावा. म्हणावं, फोटोत मी नवरीच्या शेजारी उभी राहणार.”