दाराबाहेरची बाई

काल रविवारी बसस्थानकावर एक मुलगी बायकांच्या संडासाच्या दाराला पाठ टेकून उभी होती. आत तिची मैत्रीण होती. आतून आवाज आला, "आहेस ना?"

"आहे गं."

एवढंच. पण मला सुमनताई आठवल्या.

कारखान्यात लेथ मशीनवर आम्ही दोघीच बायका. आमच्या संडासाची कडी तुटलेली. तीनदा अर्ज दिला, तेव्हा सुपरवायझर हसून म्हणाले, "दोघीच तर आहात, घ्या की सांभाळून." मग अकरा वर्षं सांभाळून घेतलं. एक आत, एक बाहेर. मशीन सोडून जाता म्हणून दोघींनी बोलणी खाल्ली. एकदा मी आत रडत बसले होते, तेव्हा कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून ताई बाहेर मोठमोठ्याने खोकत राहिल्या.

असल्या सोबतीचं लोकांना फार कौतुक असतं. मलाही आहे. पण कधी कधी संताप येतो, की एवढ्या कुशल बाईला अकरा वर्षं कडीचं काम करावं लागलं.

ताई निवृत्त झाल्या. कडी तशीच आहे. आता मी कामावर असेपर्यंत पाण्याला तोंडच लावत नाही.

बसस्थानकावरच्या त्या दोघी मुली माझ्या शेजारी येऊन बसल्या. ऊन रणरणत होतं. एकीने बाटली पुढे केली. "काकू, पाणी?"

घसा कोरडा पडला होता, कामावरही जायचं नव्हतं. तरी मी मान हलवून नको म्हटलं.