सगळ्या वायरी काळ्या

गॅरेजात त्याला सगळे काडी म्हणायचे. जुन्या मोटारीच्या डॅशबोर्डखाली उताणं शिरून जुना रेडिओ जोडावा तर त्यानेच. गॅरेज बायकोच्या भावाचं. कधी घरचा रस्ता दाखवील त्याचा नेम नाही, म्हणून काडीने तरुणपणीच एक शक्कल लढवली. लाल नाही, पिवळी नाही, सगळ्या वायरी काळ्याच वापरायच्या. कुठली बॅटरीची आणि कुठली स्पीकरची, हे एकट्या त्याला ठाऊक. दुसऱ्या कुणी हात घातला की फ्यूज उडालाच म्हणून समजा.

शक्कल नको तेवढी फळली. आता मान आखडते, डोळे दगा देतात, लेक तिच्याकडे राहायला बोलावून थकली. पण त्याने जोडलेला प्रत्येक रेडिओ बिघडला की फिरून त्याच्याच गळ्यात.

आजही असाच एक रेडिओ परत आला होता. स्टीअरिंगखाली डोकं खुपसून काडी खेकसला, "उद्यापासून मी येणार नाही!"

"खुशाल जा की, भावोजी," मेव्हणा म्हणाला. "मी कुठे धरून ठेवलंय? फक्त नव्या मिस्त्रीला कुठली वायर कसली तेवढं सांगून जा."

काडीने दोन वायरी चिमटीत धरल्या, टॉर्चच्या उजेडात उलटसुलट करून पाहिल्या. दोन्ही त्यानेच ओढलेल्या. त्यालाही ओळखू येईनात.

"उद्या सांगतो," तो खालूनच पुटपुटला, आणि तुटलेल्या जागी जोड द्यायला त्याने खिशातून वायरीचा तुकडा काढला. काळाच.